जॅरोच्या खासदार: एलन विल्किन्सन आणि एका गावाचे गाऱ्हाणे

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर ‘खासदाराचे मतदारसंघातील काम आणि कायदा’ असा लिहिला आहे, आणि त्यासाठी मी उदाहरण घेतले आहे ते एलन विल्किन्सन या ब्रिटिश खासदार बाईंचे. निमंत्रण द्यायला आलेल्या कार्यवाहांनी मला सरळच विचारले होते की, आपल्या लोकसभेत ५४३ जण बसत असताना इतक्या लांबचे आणि नव्वद वर्षांपूर्वीचे उदाहरण कशासाठी. त्याचे कारण असे की, चालू राजकारणातील कोणाचेही नाव घेतले की निम्मे सभागृह त्याच्या बाजूचे होते आणि निम्मे विरुद्ध, आणि कामाकडे पाहायचे राहूनच जाते. विल्किन्सन बाईंच्या बाबतीत तो धोका नाही. त्यांचे काम पूर्ण झालेले आहे, त्याची कागदपत्रे खुली आहेत, आणि त्यांच्या यशाइतकेच त्यांचे अपयशही आपल्याला शांतपणे तपासता येते.

माझ्या मनात हा विषय बरीच वर्षे घोळत आहे. खासदाराच्या कामाचा हिशेब आपण दोन वह्यांत मांडतो. एका वहीत रस्ते, नळजोडण्या, दाखले, बदल्या आणि रुग्णालयातील खाटा; दुसऱ्या वहीत भाषणे, प्रश्न आणि विधेयके. पहिल्या वहीला आपण ‘कामे केली’ म्हणतो आणि दुसरीला ‘संसद गाजवली’ म्हणतो, आणि एकाच माणसाला दोन्ही जमत नाही असे गृहीत धरून मोकळे होतो. माझे म्हणणे असे आहे की वही एकच असते. मतदारसंघातील माणूस जे गाऱ्हाणे घेऊन येतो, तोच चांगल्या कायद्याचा कच्चा माल असतो. हे मी आज विल्किन्सन बाईंच्या तीन कामांतून दाखवणार आहे: जॅरो गावाचा मोर्चा, १९३८ चा हप्तेखरेदीचा कायदा आणि शिक्षणमंत्री म्हणून त्यांनी घेतलेला एक निर्णय.

आधी तिकडची पद्धत थोडी सांगते. ब्रिटनमध्ये आज ६५० मतदारसंघ आहेत आणि प्रत्येकाचा खासदार एकच. दुसऱ्याच्या मतदारसंघातील माणसाचे काम आपण हाती घ्यायचे नाही, त्याला त्याच्या खासदाराकडे पाठवायचे, असा तेथील खासदारांमध्ये रूढ संकेत आहे. खासदार बहुधा शुक्रवारी किंवा शनिवारी आपल्या गावी ठरलेल्या जागी बसतात आणि लोक एकेक करून येऊन आपली अडचण सांगतात. या बैठकीला तिकडे ‘सर्जरी’ म्हणतात, कारण डॉक्टरच्या दवाखान्यालाही तिकडे तोच शब्द आहे. लंडनला राहणाऱ्या माझ्या भाचीने एकदा दूरध्वनीवर, “शुक्रवारी आमच्या खासदारांची सर्जरी आहे, मला जायचे आहे,” असे सांगितले, तेव्हा माझ्या आईने त्या अनोळखी गृहस्थासाठी देवापुढे दिवा लावला होता. पुढे खरा अर्थ कळल्यावरही तिने तो दिवा वाया गेला असे मानले नाही.

विल्किन्सन बाईंच्या काळात ही पद्धत एवढी बसलेली नव्हती. खासदारांना १९११ पासून वर्षाला ४०० पौंड मिळू लागले होते. पण आज खासदाराच्या हाताखाली जसे कर्मचारी असतात तसे तेव्हा नव्हते. बरेच खासदार लंडनला राहत आणि मतदारसंघात सभासमारंभापुरते जात. या पार्श्वभूमीवर बाईंचे काम पाहावे.

एलन विल्किन्सन यांचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ चा, मँचेस्टरचा. वडील आधी कापड गिरणीत कामाला होते आणि मग विम्याचे काम करू लागले. घर गरीब आणि मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या वळणाचे. मुलगी शिष्यवृत्तीच्या जोरावर मँचेस्टर विद्यापीठात इतिहास शिकली, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत संघटक झाली आणि १९१५ पासून सहकारी भांडारांतील नोकरांच्या कामगार संघटनेचे काम करू लागली. १९२० मध्ये ब्रिटनच्या कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत त्या होत्या, आणि १९२४ मध्ये त्यांनी तो पक्ष सोडला. त्याच वर्षी मजूर पक्षातर्फे मिडल्सब्रो पूर्व येथून त्या निवडून आल्या, तेव्हा हाउस ऑफ कॉमन्समध्ये विरोधी बाकांवर त्या एकट्याच स्त्री होत्या. उंची पाच फुटांना थोडी कमी, केस तांबडे आणि मतेही तशीच, म्हणून वृत्तपत्रांनी त्यांना ‘रेड एलन’ म्हणायला सुरुवात केली. पहिल्या वर्षांत त्यांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या पोशाखाच्या रंगावर वृत्तपत्रांत अधिक लिहून येत असे, याचा मला आजही राग येतो.

१९३१ च्या निवडणुकीत मजूर पक्षाची धूळधाण झाली आणि बाईही पडल्या. संसदेबाहेर असतानाच, १९३२ मध्ये, भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनमध्ये काम करणाऱ्या इंडिया लीगच्या चार जणांच्या शिष्टमंडळाबरोबर त्या भारतात आल्या. त्या चौघांत व्ही. के. कृष्ण मेनन होते. त्या वेळी गांधीजी आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगात होते आणि बाईंनी त्यांची तुरुंगातच भेट घेतली. मला या भेटीचे महत्त्व वाटते ते असे की, पद गेलेला राजकारणी सहसा पुढच्या तिकिटाच्या खटपटीत असतो. या बाई मात्र पद नसताना, ज्यांचे एकही मत त्यांना कधी मिळणार नव्हते अशा लोकांची स्थिती पाहायला तीन महिने हिंडल्या. पाहिल्याशिवाय बोलायचे नाही ही त्यांची सवय होती, आणि जॅरोत ती फार उपयोगी पडली.

आता जॅरो. इंग्लंडच्या ईशान्येला टाइन नदीच्या काठी न्यूकॅसलजवळ हे गाव आहे. सातव्या-आठव्या शतकात बीड नावाचा विद्वान संन्यासी येथील मठात राहून लिहीत असे, म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांना त्याचे नाव माहीत असते. पण आधुनिक जॅरो वसवले ते जहाजांनी. चार्ल्स मार्क पामर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर येथे गोदी काढली आणि १८५२ मध्ये ‘जॉन बोज’ ही लोखंडी, वाफेवर चालणारी कोळशाची बोट पाण्यात सोडली. पुढे एका टोकाला कच्चे लोखंड आत जायचे आणि दुसऱ्या टोकाला युद्धनौका बाहेर पडायची, असे ते सगळे एकाच आवारात चालत असे. पामरच गावाचे पहिले महापौर आणि १८८५ पासून १९०७ पर्यंत पामरच गावाचे खासदार. लालबाग-परळला गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्यांना हे गाव कसे असेल ते वेगळे सांगावे लागणार नाही. एकाच धन्याचे गाव. त्याचा धूर निघाला तर सगळ्यांच्या चुली पेटायच्या.

पहिल्या महायुद्धानंतर जहाजांची मागणी घसरली. गोद्या जास्त आणि कामे कमी अशी स्थिती झाली, तेव्हा १९३० मध्ये जहाजबांधणाऱ्या मालकांनी मिळून नॅशनल शिपबिल्डर्स सिक्युरिटी नावाची कंपनी काढली. तिचे काम काय, तर मिळणाऱ्या कंत्राटांवर एक टक्का वर्गणी गोळा करायची, त्या पैशांतून अडचणीतल्या गोद्या विकत घ्यायच्या आणि मोडून टाकायच्या, म्हणजे उरलेल्यांना काम पुरेल. पामरची शेवटची नौका, ‘डचेस’ ही विनाशिका, १९३२ मध्ये पाण्यात उतरली. १९३४ मध्ये या कंपनीने गोदी घेतली आणि त्या जागेवर चाळीस वर्षे जहाज बांधता येणार नाही अशी अट घालून ती मोडीत काढली. चाळीस वर्षे म्हणजे वीस वर्षांच्या शिकाऊ कामगाराने साठीला येईपर्यंत वाट पाहायची. गावातील दहांपैकी सातांहून अधिक कामगार बेकार झाले. यात कोणी बेकायदा काही केले नव्हते. धंद्याच्या दृष्टीने हिशेब चोख होता; फक्त त्या हिशेबात गाव कोठे धरलेच नव्हते.

विल्किन्सन बाई जॅरोच्या उमेदवार झाल्या तेव्हाची एक गोष्ट आहे. १९३४ मध्ये त्या जॅरोच्या बेकारांना घेऊन पायी सीहॅमला गेल्या, कारण पंतप्रधान रॅम्झे मॅक्डोनल्ड त्या मतदारसंघाचे खासदार होते आणि त्या दिवशी तेथे आलेले होते. एका खासदाराला त्याच्या मतदारसंघात गाठायचे आणि दुसऱ्या मतदारसंघाचे दुःख त्याच्यापुढे ठेवायचे, अशी ती युक्ती होती. पंतप्रधानांनी बाईंना सल्ला दिला की तुम्ही समाजवादाचा प्रचार करा, यावर तोच एक उपाय आहे. समोर उभ्या असलेल्या उपाशी माणसांना याचा काय उपयोग होता, हे आपणच ठरवावे.

नोव्हेंबर १९३५ मध्ये बाई जॅरोहून निवडून आल्या. त्याच सुमारास गोदीच्या जागेवर पोलादाचा नवा कारखाना काढण्याची योजना पुढे आली होती; पण पोलाद कारखानदारांच्या संघटनेने तिला विरोध केला आणि ती बारगळली. १९३६ च्या उन्हाळ्यात गावाचे शिष्टमंडळ व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांना भेटले, तेव्हा जॅरोने आपला उद्धार आपणच करून घ्यावा, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले. ते वाक्य बाई कधी विसरल्या नाहीत आणि त्यांनी ते देशालाही विसरू दिले नाही.

त्या उत्तरानंतर गावाने लंडनला पायी जायचे ठरवले. येथे मी थोडी रेंगाळणार आहे, अध्यक्ष महोदय, कारण ही गोष्ट मी शंभरदा वाचली आहे आणि ती नीट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

हा मोर्चा पक्षाचा नव्हता, नगरपालिकेचा होता. नगरसेवक डेव्हिड रायली यांनी त्याची आखणी केली. त्या काळात कम्युनिस्टांच्या पुढाकाराने बेकारांचे मोर्चे निघत असत, त्यांत आपल्याला कोणी जमा करू नये म्हणून फलकावर कोणत्याही पक्षाचे नाव घातले नाही. वाटेतल्या गावी मुक्कामाची सोय लावायला मजूर पक्षाचा आणि हुजूर पक्षाचा असे दोन स्थानिक प्रतिनिधी जोडीने पुढे जात. नगरपालिकेच्या डॉक्टरांनी तपासून, चालण्याजोगे असे २०० पुरुष निवडले. ५ ऑक्टोबर १९३६ रोजी ते निघाले. त्याच आठवड्यात बाईंना ४५ वर्षे पूर्ण झाली.

बरोबर ओक लाकडाची एक पेटी होती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत गावाचे नाव होते आणि आत ११,००० हून अधिक सह्यांचा अर्ज. बरोबर स्वयंपाकाचे सामान वाहणारी बस, काही वैद्यकीय विद्यार्थी, तोंडाने वाजवायच्या बाजांचे पथक आणि वाटेतच सामील झालेला एक काळा लॅब्रॉडोर कुत्रा. प्रत्येक माणसाला आठवड्याला दीड शिलिंग हातखर्च आणि घरी पत्र पाठवायला टपालाची दोन तिकिटे मिळत. ती दोन तिकिटे कोणाच्या डोक्यात आली असतील, असा मी नेहमी विचार करते. मोर्चाचा हिशेब लिहिताना ज्याला बायकोला पाठवायच्या पत्राची आठवण राहते, तो माणूस कारभारी म्हणून मोठाच म्हटला पाहिजे.

डार्लिंग्टन, रिपन, लीड्स, बार्न्सली, शेफील्ड, चेस्टरफील्ड, नॉटिंगहॅम, लेस्टर, नॉर्थॅम्प्टन, बेडफर्ड असा तो रस्ता होता. एकूण सुमारे ३०० मैल. बाई त्यातला बराच भाग स्वतः चालल्या. मधले काही दिवस त्या एडिंबरोला मजूर पक्षाच्या परिषदेला गेल्या होत्या, आणि तेथे त्यांच्याच पक्षातील लोकांनी, उपाशी आणि अपुऱ्या कपड्यांतील माणसांना थंडीत चालायला लावल्याबद्दल त्यांना बोल लावले. पक्षाने आणि कामगार संघटनांच्या महासंघाने मोर्चाला आधार दिला नाही, आणि चेस्टरफील्डला तर हुजूर पक्षाच्या मंडळींनी त्यांना जेवू घातले. डरहॅमच्या बिशपांनी मोर्चावर टीका केली. बार्न्सलीत नगरपालिकेने खास पाणी तापवून स्नानगृहे उघडून दिली. लेस्टरला सहकारी संस्थेच्या चर्मकारांनी रात्रभर जागून सगळ्यांचे बूट दुरुस्त केले आणि मजुरी घेतली नाही.

एका माणसाची गोष्ट सांगतात. वाटेत मिळालेल्या सँडविचमधला हॅमचा तुकडा त्याने काढला, पाकिटात घातला आणि पाकिटावर घरचा पत्ता लिहिला. घरच्यांनी सहा आठवड्यांत मांस पाहिले नव्हते. आधी सांगितलेल्या त्या दोन तिकिटांपैकी एक त्या पाकिटावर लागले असणार असे मला वाटते.

मोर्चा वाटेत असतानाच मंत्रिमंडळाने एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याचा आशय आपण लक्षपूर्वक ऐकावा, कारण माझ्या सगळ्या व्याख्यानाची मेख तेथे आहे. सरकारचे म्हणणे असे होते की, या देशात संसदीय राज्यपद्धती आहे, प्रत्येक प्रौढाला मत आहे, आणि प्रत्येक भागाचे गाऱ्हाणे मांडायला व उपाय सुचवायला हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याचा प्रतिनिधी बसलेला आहे. म्हणून लंडनला येणाऱ्या मिरवणुकांचा सरकारी धोरणावर घटनात्मक प्रभाव पडू शकत नाही, आणि मंत्री मोर्चाच्या शिष्टमंडळांना भेटणार नाहीत. तत्त्व म्हणून यात खोट काढता येणार नाही. पण त्या भागाचा प्रतिनिधी तेव्हा कोठे होता? तो मोर्चाच्या आघाडीला चालत होता. वर्षभर त्याने सभागृहात तेच गाऱ्हाणे मांडले होते आणि उत्तर काय मिळाले ते आपण ऐकले. प्रतिनिधी आहे म्हणून लोकांना भेटायचे नाही, आणि प्रतिनिधीला उत्तर द्यायचे तर तुमचे तुम्ही पाहा म्हणायचे, अशी ती दोन्हीकडून बंद केलेली वाट होती.

३१ ऑक्टोबरला मोर्चा भर पावसात लंडनला मार्बल आर्चपाशी पोचला. दुसऱ्या दिवशी हाइड पार्कवर सभा झाली. पंतप्रधान बाल्डविन यांनी भेट नाकारली. ४ नोव्हेंबरला बाईंनी सभागृहात अर्ज सादर केला. जेथे पूर्वी ८,००० लोक काम करत तेथे आता तात्पुरत्या योजनेवर १०० माणसे आहेत आणि गाव असे ओसाड टाकता येणार नाही, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर थोडी प्रश्नोत्तरे झाली. जॅरोतील बेकारीची स्थिती अजून समाधानकारक नसली तरी गेल्या काही महिन्यांत सुधारली आहे, असे रन्सिमन यांनी सांगितले. काही मिनिटांत सभागृह पुढच्या कामाकडे वळले. हाउस ऑफ कॉमन्समध्ये सभापतींच्या खुर्चीमागे एक पिशवी टांगलेली असते, आलेले अर्ज तिच्यात टाकतात. जॅरोचा अर्ज त्या मार्गाने गेला. मोर्चेकऱ्यांपैकी बहुतेक जण त्या वेळी टेम्स नदीवर होते; त्यांना बोटीतून फिरायला नेले होते. रेल्वेने घरी परतल्यावर त्यांना कळले की, चालत होते तेवढ्या दिवसांचा बेकारी भत्ता कापला गेला आहे, कारण त्या दिवसांत काम आले असते तर ते हजर नव्हते.

ही पिशवी माझ्या मनातून जात नाही, आणि त्याला घरचे कारण आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, त्यानंतर माझ्या वडिलांचे गिरणीतले खाते पुन्हा चालू झाले नाही. आम्ही लालबागच्या चाळीत राहत होतो. शाळेत माझे अक्षर बरे म्हणून चाळीचे निवेदन मी लिहिले. कार्बन घालून दोन प्रती. सह्या आणि अंगठे घ्यायला वडील दोन संध्याकाळी जिने चढले-उतरले. मग इस्त्रीचा सदरा घालून ते एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात गेले. दुपारी परत आले तेव्हा दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असा जांभळा शिक्का, तारीख आणि न वाचता येणारी सही होती. त्यांनी ती प्रत ट्रंकेत शिधापत्रिकेच्या खाली ठेवली. कोणी उलट बोलले नाही, कोणी हाकलले नाही. त्यानंतर फक्त काहीच घडले नाही. वडील गेल्यावर ट्रंक आवरताना ती प्रत मला सापडली, आणि शिक्क्याची शाई माझ्या कार्बनच्या अक्षरांपेक्षा ठळक राहिली होती. अर्ज घेणे आणि गाऱ्हाणे घेणे यांत काय अंतर आहे, ते मला तेथे समजले. विल्किन्सन बाईंनी अर्ज पिशवीत गेल्यावर काम संपले असे मानले नाही, म्हणून मी आज येथे त्यांच्यावर बोलते आहे.

अध्यक्ष महोदयांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत आणि सांगितलेल्या तीन कामांपैकी माझे एकच झाले आहे. मी उरलेली दोन घाईने सांगते, आणि खरे तर व्याख्यानाचा मुख्य मुद्दा त्यांतच आहे.

बेकार माणसांच्या घरांतून बाई हिंडल्या तेव्हा त्यांना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लोकांनी चांगल्या दिवसांत पलंग, कपाट, शिवणयंत्र अशा वस्तू हप्त्यावर घेतलेल्या होत्या. कराराप्रमाणे शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वस्तू दुकानदाराची आणि घेणारा नुसता भाडेकरू. एखादा हप्ता चुकला की दुकानदाराची माणसे येऊन वस्तू उचलून नेत, आणि भरलेले पैसे बुडत. काही दुकानदार तर शेवटचे एक-दोन हप्ते चुकण्याची वाटच पाहत, म्हणजे तीच वस्तू पुन्हा दुसऱ्याला देता येते. हे सगळे कायद्याला धरून होते. आमच्या घरातूनही असेच शिवणयंत्र गेले आहे. दोन हप्ते राहिले होते. दोघांनी ते जिन्यावरून उतरवले, आणि आईने त्याच्या खणातली कात्री तेवढी मागून घेतली.

जॅरोच्या मोर्चाला सरकारने दाद दिली नव्हती, तेव्हा बाईंनी या प्रश्नावर खासगी सदस्य म्हणून विधेयक आणले. विरोधी बाकावरील एकट्या खासदाराचे विधेयक संमत होणे ही तेथेही दुर्मीळ गोष्ट आहे. त्यांनी सभ्य व्यापाऱ्यांना बरोबर घेतले, कारण लुबाडणाऱ्या दुकानदारांमुळे त्यांचेही नाव खराब होत होते. दुसऱ्या पक्षातील खासदारांचा पाठिंबा मिळवला. आणि १९३८ मध्ये हप्तेखरेदीचा कायदा झाला. साध्या घरगुती वस्तूंसाठी १०० पौंडांपर्यंतच्या व्यवहारांना तो लागू होता. करारात रोखीची किंमत लिहून द्यावी लागे. एक तृतीयांश रक्कम भरलेली असेल तर न्यायालयाच्या आदेशाशिवाय वस्तू उचलून नेता येत नसे. आणि घेणाऱ्याला परवडेनासे झाले तर निम्म्या किमतीपर्यंतचा भरणा पूर्ण करून, वस्तू परत देऊन मोकळे होता येत असे. जॅरोला गोदी परत मिळाली नाही. पोलादी नळ्यांचा एक कारखाना आला. पण गावाला भरपूर काम मिळाले ते युद्धाच्या तयारीने आणि युद्धाने. तरीही जॅरोच्या बिऱ्हाडांतून जमवलेल्या त्या माहितीने देशभरच्या लक्षावधी घरांतील पलंग आणि शिवणयंत्रे जागच्या जागी राहिली. मोर्चाचे नाव सर्वांना ठाऊक आहे आणि या कायद्याचे फारसे कोणाला नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

तिसरे काम. युद्धाच्या काळात गृहखात्यात त्यांच्याकडे हवाई हल्ल्यांपासून बचावाच्या निवाऱ्यांचे काम होते, आणि तेथेही रात्री तळघरांत उतरून लोक कसे झोपतात ते पाहण्याची त्यांची सवय सुटली नाही. १९४५ मध्ये पंतप्रधान अॅटली यांच्या मजूर सरकारात त्या शिक्षणमंत्री झाल्या. त्या खात्याच्या त्या पहिल्या स्त्री मंत्री. १९४६ पासून शाळेतल्या मुलांना रोज पाइंटचा तिसरा भाग दूध फुकट मिळू लागले. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना वेगवेगळ्या शाळांत वाटण्याची पद्धत मात्र त्यांनी मोडली नाही, आणि त्यांच्याच पक्षातील शिक्षकांनी त्यांना त्याबद्दल दोष दिला. तो दोष मलाही रास्त वाटतो. स्वतः शिष्यवृत्तीवर वर आलेल्या माणसाला चाळणी योग्य वाटू लागते, ते येथे झाले असावे.

पण शाळा सोडण्याचे वय चौदावरून पंधरावर नेण्याच्या बाबतीत त्या हटल्या नाहीत. वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते, लाकूड आणि सिमेंट मिळत नव्हते. म्हणून तयार भागांच्या झोपड्यांसारख्या वर्गखोल्या देशभर उभ्या करण्याचा सपाटा लावला होता. जानेवारी १९४७ मध्ये, देश आर्थिक अडचणीत आहे तेव्हा हे पुढे ढकलावे, असा प्रस्ताव मंत्रिमंडळात आला. बाईंनी तेथे विरोध केला तो गरीब वस्त्यांतील मुलांच्या नावाने: युद्धात ज्यांची शाळा सर्वांत जास्त बुडाली त्यांचेच वर्ष पुन्हा कापायचे का, असा त्यांचा रोख होता. तारीख टिकली. प्रकृती आधीच खालावलेली होती, श्वासाचा जुना आजार होता, आणि त्या कडाक्याच्या हिवाळ्यात ६ फेब्रुवारी १९४७ ला त्या वारल्या. वय ५५. जॅरोच्या खासदार त्या तेव्हाही होत्या.

अध्यक्ष महोदय उठले आहेत, तेव्हा शेवटचे सांगून थांबते. शाळा सोडण्याचे वय पंधरावर नेणारा कायदा १ एप्रिल १९४७ ला, बाई गेल्यानंतर ५४ दिवसांनी, अमलात आला. आणि त्या तारखेनंतर ज्यांना चौदावे वर्ष पूर्ण होणार होते, ती जॅरोची मुले आणखी एक वर्ष शाळेत गेली.